निवृत्तीनंतर रशियात : ज्येष्ठ मिशनरी जोडप्यांचं रोजचं जगणं

नोकरीतून निवृत्त झालेलं, साठी-सत्तरीतलं एक अमेरिकन जोडपं. मुलं मार्गी लागली आहेत, नातवंडं शाळेत जातात. राहतं घर हे जोडपं मुलांच्या ताब्यात देतं किंवा भाड्याने लावतं, चार बॅगा भरतं आणि दीड वर्षासाठी रशियातल्या एखाद्या शहरात कामाला निघून जातं. या कामाचा पगार मिळत नाही. तिथलं घरभाडं, जेवणखाण, प्रवास असा बहुतेक खर्च ते आपल्याच पेन्शनमधून आणि साठवलेल्या पैशांतून करतात. ‘द चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ या पंथात अशा जोडप्यांना ज्येष्ठ मिशनरी म्हणतात. जगभर या पंथाचे लोक ‘मॉर्मन’ म्हणून ओळखले जातात. १९९०च्या दशकापासून जवळपास तीस वर्षं अशी अनेक जोडपी मॉस्को, सेंट पीटर्सबर्ग, समारा, येकातेरिनबुर्ग, नोवोसिबिर्स्क, रोस्तोव्ह, व्लादिवोस्तोक या शहरांत राहून गेली. त्यांचा दिवस कसा जात असे आणि एवढ्या लांब जाऊन ते नेमकं काय करत असत, हे समजून घेण्यासारखं आहे.

मिशनरी हा शब्द महाराष्ट्राला नवा नाही. १८१३ साली मुंबईत आलेले गॉर्डन हॉल १८२६ साली याच मातीत वारले. मार्गारेट विल्सन यांनी मुंबईत मुलींच्या शाळा उघडल्या आणि १८३५ साली त्यांचाही इथेच अंत झाला. डॉ. विल्यम वॉनलेस यांचं नाव मिरजेच्या रुग्णालयाशी कायमचं जोडलेलं आहे. ही माणसं ऐन तारुण्यात आली आणि इथेच आयुष्य घालवून गेली. रशियातली ज्येष्ठ जोडपी वेगळ्या प्रकारची. त्यांचं आयुष्य आधीच जगून झालेलं असतं. हिशेबनीस, शिक्षिका, डॉक्टर, शेतकरी, अभियंता म्हणून चाळीस वर्षं केलेलं काम गाठीशी असतं आणि हाताशी मोजकाच काळ असतो. त्यांच्या कामाचं स्वरूपही त्यातूनच ठरतं.

बोलावणं आणि तयारी

या पंथाची स्थापना १८३० साली न्यूयॉर्क राज्यात जोसेफ स्मिथ यांनी केली. मुख्यालय युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीत आहे. पंथातल्या तरुण मुलांनी दोन वर्षं आणि मुलींनी दीड वर्ष धर्मप्रसारासाठी द्यावं, ही प्रथा जुनी आहे. पांढरा शर्ट, टाय आणि छातीवर नावाची काळी पट्टी लावलेली ही मुलं जगातल्या बऱ्याच शहरांत दिसतात. ज्येष्ठ जोडप्यांची गोष्ट वेगळी. ती स्वतःहून अर्ज करतात. सहा महिने, वर्ष, दीड वर्ष किंवा जवळजवळ दोन वर्षं, यांतला कालावधी निवडतात. कुठे जायला आवडेल आणि कोणतं काम जमेल, हे कळवतात. त्यांच्या आवडीनिवडीचा विचार होतो, पण अखेरचा निर्णय सॉल्ट लेक सिटीहून येणाऱ्या पत्रात असतो. पती-पत्नी दोघांची प्रकृती परदेशात टिकेल का, याची वैद्यकीय तपासणीही त्याआधीच झालेली असते. विधवा किंवा अविवाहित ज्येष्ठ स्त्रियाही अशा सेवेला जातात. त्यांना दुसऱ्या एका बाईची जोड दिली जाते.

निघण्याआधी युटातल्या प्रोवो शहरातल्या प्रशिक्षण केंद्रात थोड्या दिवसांची तयारी होते. तरुण मिशनरी इथे काही आठवडे रशियन भाषा घोकतात. ज्येष्ठांकडून तेवढी अपेक्षा नसते. तरीही ३३ अक्षरांची सिरिलिक लिपी वाचता आली नाही तर मेट्रोचं स्टेशन ओळखता येत नाही आणि दुकानात दूध कोणतं, केफिर कोणतं, हेही कळत नाही. म्हणून साठी उलटलेली माणसं पुन्हा मुळाक्षरं गिरवायला बसतात. रशियन भाषेला सहा विभक्ती आहेत आणि क्रियापदांचं व्याकरण किचकट आहे. बहुतेक जोडप्यांची मजल दीड वर्षानंतरही बाजारहाट, नमस्कार-चमत्कार आणि प्रार्थनेतल्या ठरावीक वाक्यांच्या पुढे जात नाही. बाकीच्या वेळी एखादा तरुण मिशनरी किंवा स्थानिक मंडळीतली, म्हणजे उपासनेला जमणाऱ्या सभासदांतली, इंग्रजी येणारी मुलगी दुभाष्याचं काम करते.

माणसांना हाक मारायची पद्धत मात्र मराठी माणसाला लगेच उमगेल अशी आहे. आपण जसं स्वतःच्या नावापुढे वडिलांचं नाव लावतो, तसंच रशियातही चालतं. प्योत्रचा मुलगा इवान असेल तर तो इवान पेत्रोविच, मुलगी मारिया असेल तर ती मारिया पेत्रोव्ना. वडीलधाऱ्यांना मान द्यायचा तर दोन्ही नावं मिळून हाक मारायची. एकमेकांना पहिल्या नावाने सहज हाक मारणाऱ्या अमेरिकनांना ही सवय लावून घ्यावी लागते. मिशनमध्ये त्यांना स्वतःला मात्र ‘एल्डर’ आणि ‘सिस्टर’ यांच्यापुढे आडनाव जोडून हाक मारतात.

घर, थंडी आणि जिने

जोडप्याचं घर म्हणजे बहुधा सोव्हिएत काळातल्या इमारतीतला भाड्याचा फ्लॅट. सोव्हिएत नेते ख्रुश्चॉव्ह यांच्या काळात देशभर उभ्या राहिलेल्या पाचमजली इमारतींना लोक ‘ख्रुश्चॉव्का’ म्हणतात. खोल्या लहान, स्वयंपाकघर जेमतेम दोन माणसं वावरतील एवढं आणि लिफ्ट नाही. सत्तरीतल्या माणसाला भाजीच्या पिशव्या घेऊन चौथा-पाचवा मजला चढायचा असतो. फ्लॅटला जाड लोखंडी दार, त्याच्या आत आणखी एक दार, खाली जिन्याच्या तोंडाशी आकडे दाबून उघडायचं तिसरं दार. जिन्यात अंधार आणि मांजरांचा वास असला, तरी घराच्या आत सगळं लख्ख असतं. आत शिरताच जोडे काढून घरातल्या सपाता घालायच्या, हा नियम पाहुण्यालाही सुटत नाही. युटातल्या प्रशस्त घरातून आलेल्या माणसांना ही रचना अंगवळणी पडायला काही आठवडे लागतात.

घर गरम ठेवण्याची व्यवस्था घरमालकाच्या हातात नसते, शहराच्या हातात असते. मध्यवर्ती बॉयलरमधून गरम पाणी नळांवाटे साऱ्या शहरात फिरतं आणि प्रत्येक खोलीतल्या लोखंडी पट्ट्यांमधून उष्णता देतं. शरद ऋतूत सलग पाच दिवस सरासरी तापमान ८ अंशांच्या खाली राहिलं की ही व्यवस्था सुरू करतात. त्याआधीचे दहा-पंधरा दिवस घरात स्वेटर घालूनच बसावं लागतं. एकदा सुरू झाली की उलटा प्रकार. बाहेर उणे वीस आणि आत इतकं गरम की खिडकीतली ‘फोर्तोच्का’ नावाची छोटी झडप उघडावी लागते. उन्हाळ्यात नळांच्या दुरुस्तीसाठी दोन आठवड्यांपर्यंत गरम पाणी बंद असतं. तेव्हा पातेल्यात पाणी तापवून अंघोळ करायची.

नोवोसिबिर्स्कमध्ये जानेवारीचं सरासरी तापमान उणे १६-१७ अंशांच्या आसपास असतं. थंडीचे कपडे मिळतात, तिची सवयही होते. म्हाताऱ्या माणसाला खरं भय असतं ते बर्फाचं. पायवाटेवर दिवसा वितळलेलं पाणी रात्री गोठून काचेसारखं होतं. पाय घसरून मनगट किंवा खुबा मोडला की सेवा संपलीच. म्हणून बुटांना खिळ्यांचे पट्टे लावून, लहान पावलं टाकत चालायला ही मंडळी शिकतात. वसंतात छपरांवरून लोंबणारे बर्फाचे सुळे कोसळतात, म्हणून इमारतींच्या कडेने दोऱ्या बांधून रस्ता अडवलेला असतो. सेंट पीटर्सबर्गमध्ये डिसेंबरात दिवस सहा तासांपेक्षाही लहान असतो आणि जूनमध्ये रात्र काळी होतच नाही. हिवाळ्यातला अंधार अनेकांच्या मनावर बसतो. अशा वेळी रोज बाहेर पडून करायचं काहीतरी काम असणं, हाच त्यावरचा मोठा उपाय ठरतो.

दिवस कसा जातो

तरुण मिशनरींचा दिवस सकाळी साडेसहापासून रात्री साडेदहापर्यंत आखलेला असतो. ज्येष्ठांना इतकं काटेकोर वेळापत्रक नसतं. दारोदार जाऊन प्रचार करणं त्यांच्याकडून अपेक्षित नसतं. सकाळी दोघं मिळून शास्त्रवाचन आणि प्रार्थना करतात. न्याहारीला ग्रेच्का म्हणजे बकव्हीटचा भात किंवा ओटची लापशी, सोबत त्वोरोग नावाचं पनीरसारखं दाणेदार दही. मग कामावर जायचं.

मॉस्कोत असतील तर मेट्रोने. १९३५ साली सुरू झालेली ही मेट्रो जमिनीखाली खोल आहे. ‘पार्क पोबेदी’ स्टेशन तर ८० मीटरपेक्षा जास्त खोल असल्याने सरकत्या जिन्यावर तीन मिनिटं उभं राहावं लागतं. गर्दीत पांढऱ्या केसांचं माणूस दिसलं की तरुण उठून जागा देतात. बोलत कुणी नाही, हसत कुणी नाही. अनोळखी माणसाकडे पाहून हसणं रशियात विचित्र समजतात. येताजाता हसून ‘कसं काय’ विचारणाऱ्या अमेरिकनांना सुरुवातीला ही माणसं रागावलेली वाटतात. तीच माणसं एकदा घरी बोलावू लागली की ताटात वाढणं थांबवत नाहीत.

मिशनच्या कार्यालयात नेमलेल्या जोडप्याचं काम एखाद्या वसतिगृहाच्या व्यवस्थापकासारखं असतं. मिशनमधले तरुण अनेक शहरांत विखुरलेले. त्यांच्या प्रत्येक फ्लॅटचा भाडेकरार, वीजबिल, घरमालकाशी बोलणी, जेवणखाणासाठी महिन्याला जायचे पैसे, टपाल, पुस्तकांचा साठा, आजारी पडलेल्यासाठी डॉक्टरची वेळ, हे सगळं कुणीतरी बघायचं असतं. नवरा पूर्वी बँकेत असेल तर हिशेब त्याच्याकडे येतात. बायको परिचारिका असेल तर तापाने फणफणलेली मुलं तिलाच फोन करतात. दोघं मिळून तरुणांच्या घरांची पाहणी करतात. कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारं यंत्र चालू आहे का, पाण्याची गाळणी बदलली का, पांघरुणं पुरेशी आहेत का, एवढंच काय, भांडी घासली आहेत का, हेही पाहतात.

कागदपत्रांचं काम सगळ्यांत किचकट. परदेशी माणूस रशियातल्या एखाद्या शहरात उतरला की ठरावीक दिवसांत त्याची स्थानिक नोंदणी व्हावीच लागते. तो दुसऱ्या शहरात राहायला गेला की पुन्हा नोंदणी. विमानतळावर मिळालेलं स्थलांतर-कार्ड हरवता कामा नये. तारीख चुकली तर दंड होतो, प्रसंगी देश सोडावा लागतो. व्हिसाच्या नियमांमुळे मिशनरींना मधूनमधून देशाबाहेर जाऊन परत यावं लागत असे. फिनलंड किंवा बाल्टिक देशांत जाऊन येणाऱ्या या फेऱ्यांची तिकिटं, पत्रं, शिक्के यांचा हिशेब ठेवण्यात एका माणसाचा दिवस सहज जाई. एका नोंदणीच्या चुकीने एखाद्या तरुणाची सेवा अर्धवट राहू शकते, याची जाणीव असलेलं वडीलधारं माणूस त्या खुर्चीवर हवं असतं.

सगळीच जोडपी कार्यालयात नसतात. काहींकडे मानवसेवेचं काम असतं. बालगृह, रुग्णालय किंवा अपंगांची संस्था यांना काय हवं ते समजून घ्यायचं, चाकाच्या खुर्च्या, वैद्यकीय उपकरणं, पांघरुणं यांची मागणी लिहून वर पाठवायची, मंजूर झालेलं सामान खरंच पोचलं का ते जाऊन बघायचं. काही डॉक्टर मॉस्कोतल्या विभागीय कार्यालयात बसून दूरदूरच्या मिशनरींना आरोग्याचा सल्ला देत. काही जोडपी जुन्या नोंदींच्या कामाला जात. पूर्वजांची नावं शोधणं हे या पंथात धर्मकार्यच आहे, म्हणून जगभरातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदींचं चित्रीकरण त्यांची संस्था करते. रशियातल्या जुन्या चर्चवह्यांचं झालं, तसंच हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचंही चित्रीकरण याच संस्थेने केलेलं आहे. पूर्वजांच्या सह्या त्या वह्यांत शोधणाऱ्या आपल्याकडच्या कुटुंबांनाही या कामाचं मोल कळेल.

चहाविना पाहुणचार

या पंथात दारू आणि तंबाखूसोबत चहा-कॉफीही वर्ज्य आहे. १८३३ सालापासूनचा हा आहारनियम आहे. रशियात मात्र चहा दिल्याशिवाय पाहुणचार पुरा होत नाही. घरी गेलं की किटली चढते, बशीत घरचा मुरांबा येतो. पाहुण्याने नाही म्हटलं की यजमानीण दुखावते. यातून वाट निघते ती रशियन स्वयंपाकघरातूनच. सुक्या फळांचं ‘कोम्पोत’, क्रॅनबेरीचं ‘मोर्स’, रानगुलाबाच्या फळांचा काढा, ‘इवान-चाय’ या रानटी फुलझाडाच्या पानांचा काढा, हे सगळं चालतं. एकदा हे समजलं की पुढच्या वेळी यजमानीण स्वतःच मोर्स पुढे करते.

जेवायला बोर्श्च, पेल्मेनी, बटाटे, लोणच्याच्या काकड्या आणि प्रत्येक पदार्थावर स्मेताना, म्हणजे घट्ट आंबट साय. शहरातल्या पुष्कळांचं गावाकडे ‘दाचा’ असतं, म्हणजे भाजीपाल्याचा तुकडा आणि लाकडी घर. उन्हाळ्यात तिथे बोलावणं येतं. जोडपं हातात कुदळ घेऊन बटाटे काढायला लागतं आणि भाषेची अडचण तासाभरात मागे पडते. फुलं न्यायची असली तर विषम संख्येत न्यायची, कारण सम संख्या अंत्यविधीला. उंबऱ्यावरून हस्तांदोलन करायचं नाही. असे संकेत कुठल्याही प्रशिक्षणात पुरते शिकवता येत नाहीत, ते चुकतमाकतच कळतात.

उलट पाहुणचार जोडप्याच्या घरी होतो. घरापासून लांब असलेल्या विशी-बाविशीच्या मुलांना आठवड्यातून एकदा पोटभर खाऊ घालणं, हे काम सिस्टर आपलं मानते. व्हॅनिला अर्काऐवजी व्हॅनिला साखर, ब्राउन शुगर मिळेलच असं नाही, ओव्हनवर तापमानाचे आकडे नाहीत. तरी दालचिनी रोल होतात आणि नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगचं जेवणही होतं. पुष्कळ तरुण मिशनरींच्या आठवणींत हेच घर सगळ्यांत ठळक राहतं.

लहान मंडळीत एक वडीलधारं जोडपं

रविवारची उपासना हा आठवड्याचा मुख्य प्रसंग. मोठं चर्च नसतं. बहुतेक शहरांत एखाद्या भाड्याच्या सभागृहात किंवा कार्यालयाच्या मजल्यावर वीस-तीस, कधी दहाच माणसं जमतात. पगारी पाद्री नसतो. मंडळीतलाच कुणी अभियंता किंवा शिक्षक प्रमुख म्हणून काम पाहतो. प्रभुभोजनात भाकर आणि पाणी वाटतात. पियानो वाजवणारं कुणी नसेल तर सिस्टर वाजवते. २०१९ सालापासून ही उपासना तीनऐवजी दोन तासांची झाली. सोमवारची संध्याकाळ कुटुंबासाठी राखलेली असते. एकट्या राहणाऱ्या सभासदांना त्या दिवशी जोडप्याच्या घरी बोलावणं असतं. मग खेळ, गाणी, थोडं वाचन. आठवड्यातून एकदा तरुणांसाठी शास्त्रवर्ग होतो.

या छोट्या मंडळ्यांचा इतिहास ध्यानात घेतला तर जोडप्याचं महत्त्व नीट कळतं. १८९५ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये लिंडेलोफ कुटुंबातल्या दोघांचा नेवा नदीत बाप्तिस्मा झाला. १९०३ साली पंथाचे प्रेषित फ्रान्सिस लायमन यांनी पीटर्सबर्ग आणि मॉस्कोत रशियासाठी प्रार्थना केली. पुढे क्रांती झाली आणि सत्तर वर्षं सगळं थांबलं. १९९०मध्ये लेनिनग्राडमधल्या, म्हणजे आजच्या सेंट पीटर्सबर्गमधल्या, मंडळीला मान्यता मिळाली. १९९१च्या जूनमध्ये पंथाच्या प्रसिद्ध गायकवृंदाचा दौरा मॉस्कोत आला असताना रशियन गणराज्याचे उपाध्यक्ष अलेक्सांद्र रुत्स्कोय यांनी देशभरातल्या मान्यतेची घोषणा केली. १९९२ साली मॉस्को आणि पीटर्सबर्गमध्ये स्वतंत्र मिशन सुरू झाली. २०११ साली मॉस्कोत देशातला पहिला ‘स्टेक’, म्हणजे अनेक मंडळ्यांचा स्वयंपूर्ण गट, उभा राहिला.

याचा अर्थ रशियातले जवळपास सारे सभासद पहिल्या पिढीचे. त्यांना या श्रद्धेत वाढलेली आजी नाही, काका नाही. या पद्धतीने चाळीस वर्षं संसार केलेलं जोडपं त्यांनी पाहिलेलंच नाही. पुष्कळदा घरातलं एकच माणूस सभासद असतं, बाकीचे ऑर्थोडॉक्स किंवा नास्तिक. वीस वर्षांच्या मिशनरीला सिद्धांत सांगता येतात. पण मुलगा व्यसनात गेला तर काय करायचं, नवऱ्याशी पटत नसेल तर घर कसं सांभाळायचं, मंडळीतल्या दोघांचं भांडण कसं मिटवायचं, हे त्याला कुठून कळणार? ते साठीतल्या माणसाला कळतं. भाषा मोडकी असली तरी लोक त्याच्याकडे येतात. मंडळीच्या रशियन प्रमुखाला बैठक कशी घ्यावी, हिशेब कसा ठेवावा, आजाऱ्याला भेटायला कसं जावं, हे हा एल्डर शेजारी बसून दाखवतो आणि मग बाजूला होतो. माझ्या मते या सेवेचा गाभा इथे आहे. पंथ कुठलाही असो, नव्या समाजाला विचारांइतकीच वडीलधाऱ्या माणसांची गरज असते, आणि वडीलधारेपण पुस्तकातून येत नाही.

कायद्याची चौकट

हे सगळं निर्वेध चाललं, असं मात्र नाही. रशियन समाजात ऑर्थोडॉक्स चर्चचं स्थान खोलवर आहे. परदेशी पंथांकडे लोक संशयाने बघतात. १९९७च्या धर्मविषयक कायद्याने नोंदणीच्या अटी कडक केल्या. २०१६ साली ‘यारोवाया कायदा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दुरुस्त्या २० जुलैपासून लागू झाल्या. धर्मप्रसार नोंदणीकृत जागेतच करता येईल, राहत्या घरात नाही, आणि त्यासाठी संस्थेचं अधिकृत पत्र हवं, अशी बंधनं आली. नियम मोडणाऱ्या परदेशी माणसाला ३०,००० ते ५०,००० रूबल दंड आणि देशाबाहेर रवानगी अशी तरतूद झाली. तेव्हापासून रशियातले मिशनरी ‘स्वयंसेवक’ म्हणवले जाऊ लागले आणि रस्त्यावरचा प्रचार बंद झाला. २०१७ साली ‘यहोवाचे साक्षीदार’ या दुसऱ्या पंथावर रशियाच्या सर्वोच्च न्यायालयाने बंदीच घातली. २०१९च्या मार्चमध्ये नोवोरोसिस्क शहरात लॅटर-डे सेंट्सच्या दोन तरुण स्वयंसेवकांना परवान्याशिवाय इंग्रजी शिकवल्याच्या आरोपावरून ताब्यात घेऊन पुढे देशाबाहेर पाठवण्यात आलं.

अशा वातावरणात ज्येष्ठ जोडप्यांची जबाबदारी वाढली. घरी पाहुणे आले तर धर्मावर काय बोलावं, काय बोलू नये, हे जपावं लागे. विनामूल्य इंग्रजी संभाषणवर्ग पूर्वी खूप लोकप्रिय होते, तेही विचार करून चालवावे लागत. राज्याचा आपल्या देशात कोण काय करतं हे पाहण्याचा अधिकार आणि माणसाचं श्रद्धेचं स्वातंत्र्य, या दोहोंमध्ये ही माणसं राहत होती. त्यांनी कायदा पाळायचं ठरवलं आणि ज्या कामाला कुणाची हरकत नाही ते, म्हणजे आपल्या माणसांची सेवा, करत राहिले.

मागे राहिलेलं घर

या सेवेची किंमत पैशांपेक्षा मोठी असते. मॉस्कोत संध्याकाळचे सात वाजले की युटात सकाळचे नऊ-दहा होतात. जोडपं त्या वेळी पडद्यावर नातवंडांना भेटतं. ज्येष्ठांना घरी फोन करण्यावर बंधन नसतं. तरी नातवाचा जन्म, मुलीचं आजारपण, सख्ख्या भावाचा मृत्यू या गोष्टी दुरूनच सोसाव्या लागतात. स्वतःचं रक्तदाब-मधुमेहाचं दुखणं सांभाळत परक्या दवाखान्यात दुभाष्यामार्फत बोलावं लागतं. चाळीस वर्षांच्या संसारात दोघांनी कधी दिवसभर एकत्र काम केलेलं नसतं. इथे एकच खोली, एकच कार्यालय, एकच मेट्रो. सुरुवातीचे महिने त्याचाही ताण येतो. पुढे मात्र नवरा-बायकोला एकमेकांची नव्याने ओळख होते.

सुट्टीच्या दिवशी एर्मिताझ किंवा त्रेत्याकोव्ह संग्रहालय, कधी बॅले, कधी नदीकाठचा फेरफटका. ९ मेच्या विजयदिनी पदकं लावलेले म्हातारे सैनिक पाहिले की शीतयुद्धात वाढलेल्या अमेरिकन माणसाला वेगळीच जाणीव होते. लहानपणी ज्या देशाच्या बॉम्बच्या भयाने शाळेत बाकाखाली लपायला शिकवलं, त्याच देशातली आजी आता आपल्याला लोणच्याची बरणी देते. दोन देशांच्या सरकारांना जमलं नाही ते एका जिन्यातल्या शेजाऱ्यांना जमतं, हे या जोडप्यांनी पुन्हा पुन्हा अनुभवलं.

पुढे काय झालं

२०१८च्या एप्रिलमध्ये पंथाचे तत्कालीन अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी सात नवी मंदिरं जाहीर केली. त्यांत रशियातल्या एका मोठ्या शहरातलं एक होतं आणि भारतातल्या बंगळुरूचंही एक होतं. भारताशी या पंथाचा संबंध त्याहून जुना आहे. १८५२ साली ह्यू फिंडले हे त्यांचे मिशनरी मुंबईत उतरले आणि पुण्यात त्यांनी एक छोटी मंडळी उभी केली. ती टिकली नाही, कारण बाहेरून आलेली माणसं परतल्यावर ती सांभाळणारं स्थानिक कुणी तयार झालं नव्हतं.

रशियाच्या बाबतीत ही परीक्षा अलीकडेच आली. २०२०च्या कोविड साथीत अनेक परदेशी मिशनरींना मायदेशी परतावं लागलं. २०२२मध्ये युक्रेनवरच्या आक्रमणानंतर अमेरिकन जोडप्यांना तिथे राहून काम करणं शक्य राहिलं नाही. मंडळ्या मात्र बंद पडल्या नाहीत. दर रविवारी त्या आजही भरतात आणि रशियन माणसंच त्या चालवतात. हिशेब, शिकवणी, आजाऱ्यांची विचारपूस हे सगळं तेच बघतात. शेजारी बसून शिकवलं आणि मग बाजूला झालं, त्याचं हे फळ आहे. सेवेला गेलेल्या माणसाच्या कामाची किंमत तो हजर असताना कळत नाही, तो परत गेल्यावर काय उरलं यावरून ठरते.

आपल्याकडेही आता निवृत्तीनंतरची वीस-पंचवीस वर्षं धडधाकट जगणारी जोडपी गावोगावी आहेत. त्यांनी कुठला पंथ स्वीकारावा किंवा परदेशी जावं, असं सुचवण्याचा हेतू नाही. जवळच्या तालुक्यातली शाळा, ग्रामीण रुग्णालय, वसतिगृह, वाचनालय इथेही हिशेब ठेवणारा, मुलांना जेवू घालणारी, तरुण कार्यकर्त्याच्या शेजारी बसून काम दाखवणारं कुणीतरी हवंच असतं. ज्यांच्याकडे वेळ, अनुभव आणि पेन्शन आहे, त्या दोघांनी मिळून वर्षभर तरी अशा एका जागी जाऊन राहावं. निवृत्तीचा याहून चांगला उपयोग मला माहीत नाही.